चॅलेंजर ठरवणारी शर्यत: लुई व्हिटॉन कप आणि शिडाच्या बोटींचं सायन्स

अमेरिकाज कपच्या फायनलमध्ये बोटी फक्त दोनच असतात. एक ज्या क्लबकडे कप आहे त्यांची, म्हणजे डिफेंडर, ती थेट फायनलला बसलेली असते, आणि दुसरी म्हणजे जगभरातून आलेल्या बाकी सगळ्यांशी लढून वर आलेली, चॅलेंजर. हा चॅलेंजर ठरवायची स्पर्धा स्वतःच इतकी मोठी आहे की कधीकधी महिनोन्महिने चालते, आणि १९८३ पासून बहुतेक वेळा तिला लुई व्हिटॉन या फ्रेंच कंपनीचं नाव असतं, तीच ती ट्रंका आणि बॅगांवाली. बातम्या सगळ्या फायनलच्या येतात. पण मला विचाराल तर गेल्या चाळीस वर्षांत शिडाच्या बोटीचं सायन्स जे पुढे सरकलं त्यातलं बरंचसं या आधीच्या स्पर्धेत घासून निघालंय, आणि काही वेळा तिथेच मोडून समुद्राच्या तळालाही गेलंय.

आधी थोडं मागे जाऊ. १८५१ मध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाभोवती शर्यत झाली, ‘अमेरिका’ नावाची बोट जिंकली आणि कप गेला न्यूयॉर्क यॉट क्लबकडे. कुठल्याही देशाच्या क्लबने यावं आणि हा कप जिंकून न्यावा अशी लेखी अट घालून तो क्लबला दिला होता. लोक यायचे, हरायचे आणि परत जायचे. १३२ वर्षं आणि सलग २४ वेळा न्यूयॉर्कवाल्यांनी कप राखला, खेळाच्या इतिहासात अशी दुसरी मालिका शोधून सापडत नाही. आता यात नुसतं टॅलेंट नव्हतं हं. बरीच वर्षं नियम असा होता की चॅलेंजरच्या बोटीने स्वतः समुद्र ओलांडून शर्यतीला यायचं, म्हणजे ती अटलांटिक झेलेल इतकी दणकट बांधायला लागायची, आणि दणकट म्हणजे जड. शिवाय अमेरिकन लोक डिफेंडर निवडायला आपल्याच दोन-चार बोटी उन्हाळाभर एकमेकांशी भिडवायचे, त्यातून जी सगळ्यात वेगवान निघेल ती फायनलला, आणि समोरचा बिचारा मात्र आयुष्यात पहिली खरी शर्यत थेट फायनललाच खेळायचा. एकट्याने सराव केला की आपली बोट फास्ट आहे की स्लो हेच कळत नाही, कारण वारा आणि लाटा रोज वेगळ्या, तुलना करायला शेजारी दुसरी बोट लागतेच.

१९७० मध्ये पहिल्यांदा दोन देशांनी एकदम आव्हान दिलं, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स, मग त्यांची आपसात शर्यत लावावी लागली. फ्रान्सची बोट होती पेनवाल्या बिक कंपनीच्या मार्सेल बिक यांची. पुढे १९८० मध्ये बिक यांच्याच बोटीचा स्किपर असलेल्या ब्रुनो ट्रुब्लेच्या डोक्यात आलं की या निवड स्पर्धेला नीट स्वरूप द्यावं, एक ट्रॉफी असावी, मागे पैसा असावा, पत्रकारांची व्यवस्था असावी. तो लुई व्हिटॉनचे प्रमुख आंरी राकामिए यांच्याकडे गेला, ते तयार झाले, आणि १९८३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टला सात बोटींचा पहिला लुई व्हिटॉन कप झाला.

आणि त्याच वर्षी १३२ वर्षांची मालिका तुटली!

जिंकणारी बोट होती ऑस्ट्रेलिया टू. मालक अॅलन बाँड, स्किपर जॉन बर्ट्रंड, डिझायनर बेन लेक्सन. ही बोट पाण्याबाहेर काढली की खालून कापड गुंडाळायचे, कील, म्हणजे तळाखालचं उभं पातं, कोणाला दिसू नये म्हणून. कॅनडाच्या टीमचा एक माणूस पाण्याखालून फोटो काढायला गेला आणि पकडला गेला, इतकी उत्सुकता होती.

त्या कापडामागे काय होतं ते समजायला आधी कील काय करतो ते बघू. शिडाची बोट वाऱ्याच्या दिशेने तिरकी पुढे जाते तेव्हा शिडावरचा जोर बराचसा आडवा असतो, बोटीला बाजूला ढकलणारा. पाण्याखालचा कील तो जोर अडवतो, पण नुसत्या फळीसारखा नाही, बोट जराशी तिरकी सरकत असते त्यामुळे कीलच्या एका बाजूला पाण्याचा दाब वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो, म्हणजे विमानाच्या पंखाचंच तत्त्व, फक्त पंख पाण्यात उभा. आता गोम अशी की जास्त दाबाचं पाणी कीलच्या खालच्या टोकावरून पलीकडे निसटतं, तिथे भोवरा तयार होतो आणि तो भोवरा फिरवायची ऊर्जा जाते बोटीच्या वेगातून. लेक्सनच्या कीलला खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना पंख होते, शिशाचे. त्यांनी ही गळती कमी केली, आणि वर वजनही एकदम खाली नेलं, त्यामुळे बोट कमी कलंडायची. शिवाय बोट कलंडली की एका बाजूचा पंख आणखी खोल जायचा, म्हणजे कीलची खोली फुकटात वाढायची. याच्या चाचण्या नेदरलँड्समधल्या टँकमध्ये मॉडेल ओढून झाल्या होत्या, त्यावरून न्यूयॉर्कवाल्यांनी हे डिझाइन ऑस्ट्रेलियन नाहीच अशी हरकतही घेतली, पण ती टिकली नाही.

इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पंखाची कल्पना टँकमध्ये चांगली दिसली म्हणजे समुद्रात चालेलच असं नसतं, पण सहा बोटींशी उन्हाळाभर लढून ऑस्ट्रेलिया टू फायनलला पोचली तेव्हा तिच्या लोकांना कुठल्या वाऱ्यात काय करायचं ते अंगवळणी पडलेलं होतं. फायनलमध्ये ती डेनिस कॉनरच्या लिबर्टीविरुद्ध १-३ ने मागे पडली आणि तरी २६ सप्टेंबर १९८३ ला ४-३ ने जिंकली. नुसता कील पुरला असता तर १-३ ने मागे पडायची वेळच आली नसती.

पुढचा कप १९८७ चा, ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला, चॅलेंजर तब्बल १३. तिथे दुपारी जमीन तापली की समुद्रावरून जोरदार वारा सुटतो, लोक त्याला फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात, आणि त्या वाऱ्यात उंच आखूड लाटा उठतात. न्यूझीलंड पहिल्यांदाच आलं आणि आलं ते फायबरग्लासची बोट घेऊन, बाकीच्यांच्या बोटी अॅल्युमिनियमच्या. कॉनरने भर पत्रकार परिषदेत संशय घेतला, कारण फायबरग्लासमध्ये बोटीची दोन्ही टोकं हलकी करून वजन मध्यभागी आणता येतं, मग बोट लाटांवर कमी आपटते, आणि बोटीला भोकं पाडून जाडी तपासा अशी मागणी झाली. बोट नियमात बसणारी निघाली. ३८ पैकी ३७ शर्यती जिंकून ती लुई व्हिटॉन कपच्या फायनलला आली आणि तिथे कॉनरनेच तिला ४-१ ने हरवलं. कॉनरच्या स्टार्स अँड स्ट्राइप्सच्या तळाला थ्रीएम कंपनीची एक फिल्म चिकटवलेली होती, तिच्यावर डोळ्याला जेमतेम दिसतील अशा बारीक खाचा, पाणी वाहतं त्याच दिशेत. गुळगुळीत पृष्ठभागच सगळ्यात फास्ट असं आपल्याला वाटतं, पण अशा खाचांमुळे पृष्ठभागालगतची पाण्याची खळबळ आवरली जाते आणि घर्षण थोडं कमी होतं. नासाने यावर विमानांसाठी काम केलं होतं. कॉनरने मग फायनल ४-० ने मारली आणि कप परत अमेरिकेला नेला.

१९८८ ला कोर्टकज्ज्यांमुळे लुई व्हिटॉन कप झालाच नाही. १९९२ ला सान डिएगोत इटलीची इल मोरो जिंकली. त्या वर्षापासून बोटींचा नवा वर्ग आला, कार्बन फायबरच्या लांब हलक्या बोटी, खाली शिशाचा मोठा गोळा.

या कार्बनच्या बोटींचं काय होऊ शकतं ते दिसलं ५ मार्च १९९५ ला. लुई व्हिटॉन कपची शर्यत चालू होती, टीम न्यूझीलंड विरुद्ध वनऑस्ट्रेलिया, वारा जोराचा आणि समुद्र खवळलेला. वनऑस्ट्रेलियाचा प्रमुख पुन्हा जॉन बर्ट्रंड, १९८३ चा हिरो. अशा बोटीत डोलकाठी मध्यभागी प्रचंड जोराने खाली दाबत असते आणि पुढच्या-मागच्या वायर दोन्ही टोकं वर खेचत असतात, म्हणजे पूर्ण बोट ताणलेल्या धनुष्यासारखी वाकायला बघते, वरचा डेक दाबला जातो आणि तळ ताणला जातो. कार्बन ताण मस्त सोसतो. पण पातळ कवच दाबाखाली एकदा सुरकुतलं की संपलं, ते धातूसारखं वाकून राहत नाही, तुटतं. एका लाटेवर आपटल्यावर वनऑस्ट्रेलियाचा डेक असाच मध्यावर दुमडला, बोट दोन टोकं वर करून घडी पडल्यासारखी झाली आणि साधारण दोन मिनिटांत तळाला गेली. सगळे खलाशी उड्या मारून वाचले, हे मोठं नशीब. त्या टीमने जुनी बोट बाहेर काढली आणि तिच्यावर लुई व्हिटॉन कपच्या फायनलपर्यंत धडक मारली, मला याचं आजही कौतुक वाटतं. तिथे ती न्यूझीलंडच्या ब्लॅक मॅजिककडून हरली. पीटर ब्लेक आणि रसेल कूट्सच्या त्या टीमने मग खरी फायनल ५-० ने जिंकली.

यानंतर उलटं चित्र बघा. २००० आणि २००३ ला डिफेंडर न्यूझीलंड, आणि त्यांच्याकडे घरात दुसरा संघच नाही, म्हणून ते आपल्याच दोन बोटी एकमेकांशी खेळवायचे. २००० ला जमलं. २००३ ला समोर आली स्वित्झर्लंडची अलिंघी, न्यूझीलंड सोडून गेलेला कूट्सच तिचा स्किपर, आणि लुई व्हिटॉन कपमध्ये नऊ संघांतून वर आलेली. न्यूझीलंडच्या बोटीत पहिल्याच शर्यतीत पाणी भरलं, चौथीत डोलकाठी मोडली आणि स्कोअर ५-०. ज्या त्रुटी इतरांना निवड स्पर्धेतच सापडल्या असत्या त्या यांना जगासमोर सापडल्या. समुद्रकिनारा नसलेल्या देशाकडे कप गेला.

२००७ नंतर लुई व्हिटॉन काही काळ बाजूला झाली आणि २०१० चा कप कोर्टाच्या आदेशांमधून दोनच बोटींत उरकला, त्यामुळे तो भाग सोडून थेट २०१३ ला, सान फ्रान्सिस्कोला येऊ. इथून बोटी पाण्यावर राहिल्याच नाहीत.

नवा नियम होता ७२ फुटी कॅटामरानचा, म्हणजे दोन होड्या जोडून केलेली बोट. नियम लिहिणाऱ्यांना ती उडावी असं अपेक्षित नव्हतं. न्यूझीलंडवाल्यांनी आधी छोट्या कॅटामरानवर प्रयोग करून पाण्याखालच्या फळ्यांना असा आकार दिला की वेग वाढला की बोट आपोआप वर उचलली जाते आणि जास्त उचलली तर जोर आपोआप कमी होतो. पाणी हवेच्या साधारण ८०० पट घन, त्यामुळे त्यात अगदी छोटा पंखही टनावारी वजन उचलतो, आणि जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. बोटीचा सगळा तळ पाण्याबाहेर गेला की पाण्याचा विरोध धाडकन कमी. वेग ४० नॉटच्या, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरच्या वर गेला.

त्याची किंमतही फार मोठी होती. ९ मे २०१३ ला आर्टेमिस टीमची बोट सरावात उलटली आणि ब्रिटनचा ऑलिम्पिक विजेता अँड्र्यू सिम्पसन गेला. त्यानंतर सुरक्षेसाठी सुकाणूच्या नियमात बदल सुचवले, त्यावर वाद झाला, आणि त्या वर्षीच्या लुई व्हिटॉन कपच्या पहिल्या शर्यतीत न्यूझीलंडची बोट एकटीच धावली. तीनच चॅलेंजर होते, न्यूझीलंडने फायनलला इटलीच्या लुना रोसाला ७-१ ने हरवलं. पण खऱ्या फायनलला ८-१ ने पुढे असून न्यूझीलंड डिफेंडर असलेल्या अमेरिकेच्या ओरॅकलकडून ९-८ ने हरलं, कारण ओरॅकलने रोज रात्री बोटीत बदल केले आणि शर्यत चालू असतानाच उडायला शिकली.

२०१७ ला बर्म्युडात न्यूझीलंडने बदला घेतला तो पायांनी. शिडं आणि फॉइल, म्हणजे बोट उचलणारे पाण्याखालचे पंख, हलवायला हायड्रॉलिक तेलाचा दाब लागतो आणि तो माणसांच्या अंगाच्या ताकदीवरच तयार करायचा असतो. बाकीचे सगळे हाताने हँडल फिरवत होते, न्यूझीलंडने सायकलचे पेडल बसवले, कारण मांड्यांचे स्नायू हातांपेक्षा कितीतरी मोठे आणि वर हात मोकळे राहतात. ऑलिम्पिक सायकलपटू सायमन व्हान वेल्टहोव्हनलाच त्यांनी टीममध्ये घेतलं. सेमीफायनलला त्यांची बोट पुढच्या टोकावर उलटली, रात्रंदिवस राबून दुरुस्त केली, आर्टेमिसला ५-२ ने हरवलं आणि मग ओरॅकलला ७-१. त्या वर्षी डिफेंडर ओरॅकलसुद्धा चॅलेंजरांच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये खेळली होती, तेवढा सराव आता कोणालाच सोडवत नव्हता.

२०२१ ला ऑकलंडमध्ये ही स्पर्धा प्राडा कप नावाने झाली. २०२४ ला बार्सिलोनात लुई व्हिटॉन परत आली. आता बोटी ७५ फुटी, एकाच होडीच्या, दोन हात पाण्यात खाली-वर करणाऱ्या, आणि त्यांची गाठ पडते एका अशा अडचणीशी जी नियम बदलून सुटत नाही. वेग ५० नॉटच्या आसपास गेला की फॉइलच्या वरच्या बाजूला दाब इतका कमी होतो की पाणी थंड असूनही तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि फॉइलची पकड सुटायला लागते. म्हणून सगळ्या टीम फॉइल पातळ करत बसल्यात, जितका पातळ तितका हा क्षण पुढे ढकलला जातो, पण पातळ फॉइल कमी वेगात बोट उचलतच नाही. मंद वाऱ्यात बोट खाली बसली की शर्यत गेली. बेन एन्सलीच्या ब्रिटिश टीमने लुना रोसाला ७-४ ने हरवून पहिल्यांदाच लुई व्हिटॉन कप ब्रिटनला मिळवून दिला.

आतापर्यंत दहा लुई व्हिटॉन कप झाले, त्यातले पाच विजेते पुढे अमेरिकाज कपही जिंकले, १९८३, १९८७, १९९५, २००३ आणि २०१७. ब्रिटन सहावं ठरलं नाही, न्यूझीलंडने त्यांना ७-२ ने हरवलं. पण त्या २०२४ च्या लुई व्हिटॉन कपच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये न्यूझीलंडची बोटही उतरली होती, जिंकल्याचे गुण मिळणार नव्हते तरीही.