बॅनडॉग कोणाला म्हणायचं? २३ जातींच्या यादीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत सोसायटीत रॉटवायलर दिसला की ‘यांच्यावर बंदी आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचं मूळ केंद्राच्या १२ मार्च २०२४ च्या पत्रात आहे. २३ ‘हिंस्र’ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आधीच पाळलेल्यांची नसबंदी करा, असं त्यात राज्यांना कळवलं होतं. एप्रिलमध्येच कर्नाटकातल्या आणि पाठोपाठ दिल्लीतल्या उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कारण ज्यांचा संबंध येतो त्यांना विचारलंच नव्हतं. मे महिन्यात हरकती मागवण्यात आल्या.

खरा घोळ यादीच्या शब्दांत आहे. टोसा ही जपानी जात तीत दोनदा आली आहे. ‘टेरियर’ आणि ‘मास्टिफ’ या जाती नाहीत, ती कुळं आहेत. उंदीर-घुशी मारायला पैदा केलेली, मांडीवर मावणारी कुत्रीही टेरियरच. यादीतली कंगाल आणि अकबाश ही तुर्कस्तानात मेंढ्या राखणारी कुत्री. वर सगळे संकरही धरलेले, आणि संकराची जात कागदावर येते ती मालक सांगेल तशी. शेवटचं नाव ‘बॅनडॉग’. जुन्या इंग्रजीत दिवसा बांधून ठेवलेल्या राखणीच्या कुत्र्याला हा शब्द होता, पुढे तो मास्टिफ-पिटबुल संकराला चिकटला. मूळ अर्थ धरला तर निफाड-दिंडोरीच्या मळ्यात दिवसभर साखळीला असलेला गावठी कुत्राही बॅनडॉग ठरतो. म्हणजे हे नाव रक्तावरून पडलेलंच नाही, मालक कुत्रा कसा ठेवतो यावरून पडलेलं आहे.

ब्रिटन १९९१ पासून याच चिखलात आहे. तिथल्या कायद्यात ‘टाइप’ हा शब्द आहे: अंगाची ठेवण आणि मापं बरीचशी जुळली की पिटबुल, आई-बाप कोणीही असोत, आणि ‘तो नाही’ हे सिद्ध करायचं मालकानं. चार नावांच्या त्या यादीत २०२३ अखेर एक्सएल बुली हा पिटबुलसारखाच दांडगा कुत्रा घालावा लागला. नेदरलँड्सनं १९९३ ची पिटबुलबंदी २००८ मध्ये उठवली, कारण चावे कमी झाले नव्हते. इटलीनं २००९ मध्ये यादी सोडून भार मालकावर टाकला.

आपल्याकडे मालकाला धरणारं कलम १८६० पासून आहे. भारतीय दंड संहितेचं २८९ आता न्याय संहितेचं २९१ झालं: ६ महिन्यांपर्यंत कैद, दंडाची मर्यादा १,००० वरून ५,००० रुपये. त्यात जात विचारलेली नाही. पण ते बहुधा चावा झाल्यावरच आठवतं.

चाव्याची वेळच येऊ नये म्हणून उपयोगी पडणारा नियम २०१७ चा: ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. तिसाव्या दिवशी उचललेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो. मग ते गच्चीवर, माणसं न बघता वाढतं आणि एक दिवस गेटची कडी उघडी राहते.

पिटबुलसारख्यांची मान डोक्याइतकीच जाड, म्हणून गळ्यातल्या पट्ट्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहिली की मागे हिसका देऊन डोकं निसटतं. फिरवताना ताणला की आवळणारा पट्टा आणि पाच-सहा फुटांची पक्की दोरी लागते. ओढली की लांबणारी, गुंडाळीची दोरी ऐनवेळी आवरत नाही. मुसकं जाळीचं हवं. कापडी मुसक्यात तोंड मिटून राहतं, धापा टाकता येत नाहीत आणि एप्रिल-मेच्या उन्हात कुत्रा थोड्या वेळात कोसळतो.