पेटी गेली, शुल्क राहिले : चित्रपटगृहांतील डिजिटल बदलाची पार्श्वभूमी

डिजिटल प्रक्षेपणाच्या शुल्कावरून निर्माते, चित्रपटगृहांचे मालक आणि सेवा पुरवणाऱ्या कंपन्या यांच्यात जो वाद अधूनमधून उफाळून येतो, त्याचे मूळ सेल्युलॉइडच्या प्रिंटच्या किमतीत आहे. ३५ मिमी फिल्म प्रोजेक्टरमधून मिनिटाला ९० फूट या वेगाने सरकते. अडीच तासांच्या चित्रपटाला त्यामुळे सुमारे साडेतेरा हजार फूट फिल्म लागे, आणि हजार फुटांचे एक या हिशेबाने ती चौदा रिळे होत. कच्ची रंगीत फिल्म परदेशातून येत असल्याने, या शतकाच्या पहिल्या दशकात लॅबमधून बाहेर पडणारी एक प्रिंट साठ-सत्तर हजार रुपयांच्या घरात जाई. पंचवीस प्रिंटचा विचार करणाऱ्या मराठी निर्मात्याला पहिला खेळ लागण्यापूर्वीच पंधरा लाख रुपये मोजावे लागत. म्हणूनच बहुतेक निर्माते पंचवीसचा विचारच करत नसत.

प्रिंट मोजक्या असल्याने त्या फिरवाव्या लागत. वितरणाच्या नकाशावर, म्हणजे ‘सर्किट’ म्हणवल्या जाणाऱ्या विभागांत, महाराष्ट्र कधी एकसंध नव्हताच. विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा निजाममध्ये आणि उरलेला बराचसा भाग मुंबई सर्किटमध्ये मोडे, आणि राज्य स्थापन होऊन अर्धशतक उलटले तरी ही जुनी नावे व्यवहारात टिकून राहिली. मोठ्या शहरांत चित्रपट पडद्यावरून उतरला की प्रिंटची पत्र्याची पेटी जिल्ह्याच्या गावी आणि तिथून तालुक्याला जाई. वाटेत फिल्म जितक्या वेळा तुटे, तितक्या वेळा ऑपरेटर दोन्हीकडच्या काही चौकटी कापून जोड देई. त्यामुळे ‘सी सेंटर’च्या, म्हणजे लहान गावांतल्या, प्रेक्षकाला उभ्या रेघांनी भरलेला आणि मूळ लांबीपेक्षा थोडा आखूड चित्रपट पाहावा लागे. जवळच्या दोन चित्रपटगृहांनी एकच प्रिंट वाटून घेतली असेल, तर एकीकडे संपलेले रीळ सायकलवरून दुसरीकडे पोहोचवले जाई आणि दुसऱ्या ठिकाणचा खेळ तेवढ्या अंतराने सुरू होई. नकली सीडी गावात आधी पोहोचत आणि पेटी नंतर, हे वितरकांचे खरे दुखणे होते.

अमेरिकेत १९९९ साली एका मोठ्या चित्रपटाचे मोजक्या चार पडद्यांवर डिजिटल खेळ झाले. २००२ साली तेथील प्रमुख स्टुडिओंनी डिजिटल प्रक्षेपणासाठी संयुक्त मंडळ स्थापन केले आणि जुलै २००५ मध्ये त्याने तांत्रिक विनिर्देश, म्हणजे यंत्रणेने पाळायचा दर्जा, प्रसिद्ध केला. आडवे २०४८ किंवा ४०९६ बिंदू, प्रत्येक चौकटीचे स्वतंत्र संक्षेपण (कॉम्प्रेशन) आणि कुलूपबंद चित्रपट उघडणारी, ठरावीक मुदतीपुरतीच चालणारी कूटबद्ध किल्ली ही त्याची मुख्य अंगे होत. या दर्जाची यंत्रणा बसवायला एका पडद्यामागे ७० हजार ते १ लाख डॉलर खर्च येई. तालुक्याच्या गावातील, बाल्कनीची खुर्चीही चाळीस रुपयांना विकू न शकणाऱ्या मालकाला तो परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

भारतात वेगळी वाट निघाली ती याच कारणाने. याच सुमारास मुंबई आणि चेन्नईतील कंपन्यांनी कमी क्षमतेचे प्रोजेक्टर, साधे संक्षेपण आणि स्वतःचे सर्व्हर वापरून स्वस्त यंत्रणा उभी केली. चित्रपटगृहाच्या गच्चीवर उपग्रहाची तबकडी बसे, कूटबद्ध चित्रपट रात्रीतून सर्व्हरमध्ये उतरे आणि किती खेळ झाले याची नोंद थेट कंपनीकडे जाई. हॉलिवूडच्या विनिर्देशात ही यंत्रणा बसत नव्हती, हे खरे. पण तिला नावे ठेवणाऱ्यांनी तिची तुलना अमेरिकेतील नव्या प्रोजेक्टरशी केली. सात गावे फिरून आलेल्या प्रिंटशी केली असती, तर निकाल उलटा लागला असता. शिवाय भारनियमनाचा तो काळ होता. डिजिटल मशीनसाठी यूपीएस आणि थंड केबिन लागे, आणि तो खर्च बहुधा मालकाच्या माथी येई.

प्रिंट नाही म्हणजे प्रिंटचा खर्चही नाही, असे निर्मात्यांना सुरुवातीला वाटले. प्रत्यक्षात मशीनचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर म्हणून व्हीपीएफ (व्हर्च्युअल प्रिंट फी), म्हणजे न काढलेल्या प्रिंटचे शुल्क, आले. अमेरिकेत त्यामागचा हिशेब साधा होता. प्रिंट वाचल्यामुळे स्टुडिओचा फायदा होतो, तेव्हा त्या बचतीतला वाटा त्याने दर चित्रपटामागे द्यावा, मशीनची किंमत फिटेपर्यंत द्यावा आणि मग थांबावे. तिथल्या करारांना अशी मुदत होती.

आपल्याकडे शुल्क आले, पण शेवटची तारीख आली नाही. मशीन अनेक ठिकाणी सेवा कंपनीच्याच मालकीचे राहिले. चित्रपटगृहाच्या मालकाला ते भाड्याने मिळे, खेळापूर्वीच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला मोठा भाग कंपनीकडे जाई आणि निर्माता शुल्क भरत राही. कंपन्यांचे म्हणणे असे, की सर्व्हर आणि प्रोजेक्टर काही वर्षांत जुने होतात, देखभाल आणि उपग्रहाचा खर्च चालूच असतो, आणि प्रिंटच्या मानाने हे शुल्क किरकोळ आहे. यात तथ्य आहे. पण सकाळी नऊच्या एकाच खेळावर बोळवण झालेल्या मराठी चित्रपटाला ‘प्रिंटपेक्षा स्वस्त’ या युक्तिवादाचा फारसा उपयोग नसतो. प्रिंट निर्मात्याच्या मालकीची असे, एका गावात पडली तर दुसऱ्या गावी लावता येई. भरलेले शुल्क असे फिरवता येत नाही. परदेशी स्टुडिओंना सवलत आणि देशी निर्मात्यांना वसुली, अशीही तक्रार निर्मात्यांनी वेळोवेळी केली आहे.

दरम्यान मागे फिरण्याची वाट बंद झाली. २०१२ च्या जानेवारीत फिल्म बनवणारी एक जुनी अमेरिकी कंपनी दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी एका जपानी कंपनीने चित्रपटाच्या फिल्मचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. पुढील दोन-तीन वर्षांत आपल्याकडच्या लॅबही आटोपल्या. जत्रेतील तंबूंच्या ट्रकमधून गंजलेले प्रोजेक्टर उतरले आणि भंगाराच्या भावाने विकले गेले. कार्बनच्या कांड्यांवर हात बसलेल्या ऑपरेटरांपैकी काही जण सर्व्हरची बटणे शिकले, बाकीचे केबिनमधून बाहेर पडले.

मार्च २०१८ मध्ये दक्षिणेतील निर्मात्यांनी याच शुल्काविरुद्ध नवे चित्रपट देणे बंद केले. तेलुगू निर्मात्यांनी आठवडाभरात तडजोड केली, तमिळ निर्मात्यांनी मात्र दीड महिन्याहून अधिक काळ बंद चालवला आणि दर खाली आणले. मराठी निर्मात्यांकडून एवढा लांबलेला बंद झाला नाही. पडद्यासाठीच भांडावे लागत असताना पडदा नाकारण्याचे हत्यार उगारणे त्यांना शक्यही नव्हते.

एप्रिल २०२५ मध्ये स्पर्धा आयोगाने दोन प्रमुख सेवा कंपन्यांना दंड ठोठावला. भाड्याने दिलेल्या मशीनवर दुसऱ्या पुरवठादाराकडून आलेला चित्रपट चालवू न देण्याची करारातील अट त्याने आक्षेपार्ह ठरवली. मशीन कोणाच्या चित्रपटासाठी उघडे राहील, एवढाच या प्रकरणाचा गाभा होता. निर्मात्याने किती शुल्क द्यावे आणि ते कोणत्या वर्षी थांबावे, हा त्याचा विषय नव्हता.