शब्दफोड : उपसर्ग, प्रत्यय आणि धातूंवरून इंग्रजी शब्द शिकणं

शब्दफोड म्हणजे मोठा इंग्रजी शब्द त्याच्या तुकड्यांत सोडवायचा आणि तुकड्यांवरून अर्थ लावायचा, ही पद्धत. सुरुवातीला लागतो तो उपसर्ग, शेवटी लागतो तो प्रत्यय आणि मधे अर्थाचा गाभा उरतो तो धातू किंवा मूळ. उदाहरणार्थ अनप्रेडिक्टेबल हा शब्द घ्या, अन म्हणजे नाही, प्री म्हणजे आधी, डिक्ट म्हणजे सांगणं, एबल म्हणजे करण्याजोगं, म्हणजे जे आधी सांगता येत नाही ते, जूनमधला कोकणातला पाऊस जसा. मराठी व्याकरणात हेच काम साधित शब्दांच्या धड्यात येतं, उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित असे प्रकार मराठीच्या तासाला पाठही करून घेतात, पण इंग्रजीच्या तासाला त्या धड्याची आठवण कोणी करून देत नाही, आणि ती करून द्यावी असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

कारण कोकणातल्या मुलाला हे नवीन नसतंच. मालवणकर, वेंगुर्लेकर, देवगडकर ही आडनावं ज्याच्या कानावर आहेत त्याला गावापुढे कर लावला की त्या गावचा माणूस होतो हे कोणी शिकवावं लागत नाही, मग लंडनर किंवा व्हिलेजर मधला अर त्याला परका का वाटावा? तसंच गैरहजर, बेजबाबदार, बिनचूक. आणि नापास हा शब्द तर फार मोलाचा आहे, त्यात फारसीकडून आलेला ना आणि इंग्रजीतला पास एकत्र आलेत आणि शब्द मात्र पक्का मराठी झालाय. राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली, त्याआधीच्या पिढ्यांची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, पण दोन्ही पिढ्यांनी शब्द पाठ केले ते बहुतेक सुटे सुटे, स्पेलिंग एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे.

इतिहास

शब्दांची मुळं शोधायची विद्या जुनी आहे, आपल्याकडे यास्काचं निरुक्त त्यासाठीच आहे, मात्र त्याचा काळ अंदाजानेच सांगतात. युरोपात या अभ्यासाला वळण मिळालं ते विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या कलकत्त्यातल्या भाषणाने, ज्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असं त्यांनी मांडलं. १८२२ मधे जर्मन भाषातज्ज्ञ याकोब ग्रिम यांनी इंग्रजी-जर्मनच्या कुळात ध्वनी कसे ठरावीक पद्धतीने बदलले ते सांगितलं. कोकणाचा यातला वाटा छोटा नाही. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर (जन्मसाल बहुतेक ठिकाणी १८१२ देतात, काही ठिकाणी १८१०) यांनी १८३२ साली दर्पण काढलं तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला. मालवणात १८३७ साली जन्मलेले आणि रत्नागिरीत शिकलेले रा. गो. भांडारकर यांनी १८७७ मधे मुंबई विद्यापीठात विल्सन व्याख्यानं दिली, संस्कृतपासून प्राकृत आणि पुढे मराठीपर्यंत शब्द कसे बदलत आले ते त्यात आहे. शब्द उघडून बघायची सवय या किनाऱ्याला नवी नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

संस्कृतचं नातं

मराठी माणसाला इथे जी सोय आहे ती बऱ्याच जणांना नसते. इंग्रजी शब्दकोशातल्या सुमारे ८०,००० शब्दांची १९७३ साली जी मोजणी प्रसिद्ध झाली तिच्यात लॅटिनचे सुमारे २८ टक्के, फ्रेंचचे तेवढेच आणि ग्रीकचे ५ टक्क्यांच्या आसपास निघाले, आणि लॅटिन-ग्रीक या संस्कृतच्या बहिणी. दंत तिथे डेंटल मधे आहे, मृत तिथे मॉर्टल मधे, दान डोनेट मधे, स्थान स्टेशन मधे, सर्प सर्पंट मधे. ऑक्टोपस म्हणजे सरळ अष्ट आणि पाद. गणितातली परिमिती आणि पेरिमीटर तर दोन्ही तुकड्यांनी जुळतात, परि तोच पेरि आणि मिति त्याच मापाच्या धातूची. ज्ञा धातू इंग्रजीत नो, कॉग्निशन, डायग्नोसिस, इग्नोरंट असा पसरलाय, पण आपण ज्ञ चा उच्चार द्न्य करतो त्यामुळे त्यातला ग आपल्या कानाला पटकन सापडत नाही. जे शब्द इंग्रजीचे घरचे आहेत त्यांत ग्रिम यांनी सांगितलेला बदल दिसतो, प चा फ आणि द चा ट, म्हणून पाद चं फूट, पितृ चं फादर, दश चं टेन. लॅटिनकडून उसने आले ते मात्र प घेऊनच आले, पेडल, पॅटर्नल. एकाच भाषेत फूट आणि पेडल दोन्ही का, याचं उत्तर एवढंच आहे.

नौ म्हणजे होडी, तिचं कुळ तर या किनाऱ्याला घरचं वाटावं असं. नेव्ही, नेव्हल, नेव्हिगेट लॅटिनकडून, अ‍ॅस्ट्रोनॉट ग्रीककडून, त्याचा अर्थ ताऱ्यांमधला खलाशी. आणि नॉशिया म्हणजे मळमळ, हाही ग्रीकमधल्या नाउस म्हणजे जहाज या शब्दावरूनच, मूळ अर्थ आपण बोट लागली म्हणतो तोच.

सायक्लोन या शब्दावर जरा थांबायला हवं. कलकत्त्यात राहिलेले माजी दर्यावर्दी हेन्री पिडिंग्टन यांनी तो घडवला, १८४० च्या दशकात, बहुतेक कोश १८४८ चं त्यांचं पुस्तक पुरावा म्हणून धरतात. त्यांनी स्वतः सापाच्या वेटोळ्याचा अर्थ सांगितला, आता ग्रीकमधे वर्तुळ किंवा चाक म्हणजे क्युक्लोस, पण त्यावरून हुबेहूब सायक्लोन हे रूप कसं निघतं याबद्दल मतभेद आहेत, काहींच्या मते त्यांच्या मनात क्युक्लोमा हा शब्द असावा, ज्याला वेटोळ्याचा अर्थ जवळचा आहे. हे दुसरं मत जास्त पटतं. शिकणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत आणि त्या कुळात आपलं चक्र आहे, इंग्रजीतलं व्हील आहे, बायसिकल आणि एनसायक्लोपीडिया सुद्धा आहे. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात निसर्ग वादळ आलं तेव्हा आपण त्याला चक्रीवादळ म्हटलं, म्हणजे न ठरवता तोच धातू वापरला.

सगळीच जुळणी खरी नसते. सिंपथी मधला सिम् आणि आपला सम् एकच असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं, भाषातज्ज्ञ सहसा ते मानत नाहीत. डिस्लेक्सिया, डिसेंट्री मधला डिस मात्र खरोखर आपला दुस् आहे, दुष्काळातला, आणि डिसेंट्रीतलं एंटेरॉन म्हणजे आपलं आंत्र, आतडं. हा डिस वायने लिहितात, आयचा डिस वेगळा, तो डिसऑनेस्ट, डिसअपिअर मधला लॅटिन.

पोर्टचा प्रश्न

धातूंच्या तक्त्यांमधे पोर्ट म्हणजे वाहणं असं एका ओळीत लिहिलेलं असतं. इम्पोर्ट आत वाहून आणणं, एक्स्पोर्ट बाहेर नेणं, ट्रान्सपोर्ट पलीकडे नेणं, पोर्टेबल उचलून नेण्याजोगं, रिपोर्ट मागे आणून सांगणं. इथवर ठीक. पण बंदराजवळ वाढलेल्या मुलाच्या डोक्यात पोर्ट म्हणजे आधी जयगड, विजयदुर्ग येणार, आणि त्याचं चुकत नाही, कारण लॅटिनमधे शब्द तीन आहेत, पोर्तारे म्हणजे वाहणं, पोर्तुस म्हणजे बंदर, पोर्ता म्हणजे दरवाजा. एअरपोर्ट दुसऱ्यातून, पोर्टल आणि जहाजाची खिडकी ती पोर्टहोल तिसऱ्यातून. तिन्ही मागे जाऊन पार होणं या अर्थाच्या एकाच धातूला मिळतात असं बहुतेक अभ्यासक धरतात, पण इंग्रजी शिकताना ते वेगळेच ठेवलेले बरे. जहाजाच्या डाव्या बाजूला पोर्ट म्हणतात तोही बंदरवालाच, आधी लारबोर्ड म्हणायचे, ते उजव्या बाजूच्या स्टारबोर्डसारखं ऐकू येऊन घोटाळा व्हायचा म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मधे पोर्ट हा शब्द ठरवून दिला. स्टारबोर्ड मधे तारा नाही, स्टिअर आहे, जुन्या होड्यांचं सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असायचं.

आणि ऑपॉर्च्युनिटी. ऑब म्हणजे कडे, पोर्तुस म्हणजे बंदर, बंदराकडे नेणारा वारा तो लॅटिनमधे ओपोर्तूनुस. ज्यांच्या घरी शिडाची गलबतं होती त्यांना हा शब्द संधी या भाषांतरापेक्षा वाऱ्यावरून जास्त लवकर कळेल.

संधीचे नियम

ऑब चा ऑप का झाला, तर पुढे प आला म्हणून. इन चं इल्लीगल, इर्रेग्युलर, इम्पॉसिबल होतं तेही असंच, आणि हे अपवाद म्हणून पाठ करायची काही गरज नाही, उत् अधिक लेख उल्लेख, तत् अधिक लीन तल्लीन हे ज्याने केलंय त्याने इन अधिक लीगल इल्लीगल आधीच केलंय. संतोष आणि संपूर्ण म्हणून बघा, पहिल्यात न ऐकू येतो, दुसऱ्यात म, आपण दोन्हीकडे अनुस्वारच देतो, इंग्रजी इनटॉलरंट आणि इम्पॉसिबल असं वेगळं लिहितं, फरक तेवढाच. इन चा दुसरा अर्थ आत, तिथे सांभाळायला हवं. टँकरवर इनफ्लेमेबल लिहिलेलं असतं त्याचा अर्थ न जळणारं असा नाही, चटकन पेट घेणारं असा आहे, इनफ्लेम वरून. याच गैरसमजापायी सुरक्षेच्या पाट्यांवर आता नुसतं फ्लेमेबल लिहायचा कल आहे.

किती तुकडे पुरतात

१९८९ साली अमेरिकेतल्या शालेय वाचनातल्या शब्दांवर एक मोजणी प्रसिद्ध झाली, तिच्यात उपसर्ग लागलेल्या शब्दांपैकी ५८ टक्के फक्त अन, री, इन आणि डिस या चौघांत आले, आणि २० उपसर्गांत ९७ टक्के. त्याहून जुना दावा असा की २० उपसर्ग आणि १४ धातू आले की १४,००० शब्द हाताशी येतात. तो कोशातल्या नोंदींवरून काढलाय, वाचताना माणसाला प्रत्यक्ष किती अर्थ लागेल ते त्यात मोजलेलं नाही, म्हणून पहिली मोजणी जास्त उपयोगी वाटते. चार उपसर्गांपासून सुरुवात करावी.

जिथे फोड चालत नाही

मँगो मधे मॅन नाही आणि गो पण नाही, तो दक्षिणेकडून पोर्तुगीजांमार्फत गेलेला शब्द. मॉन्सून म्हणजे अरबी मौसिम, आपला मोसम तोच. कॅटामरान मधला कॅटा ग्रीक उपसर्गासारखा दिसतो, पण तो तमिळ कट्टुमरम, बांधलेले ओंडके. मॅनग्रोव्ह म्हणजे आपलं कांदळवन, याचा उगम अजून वादात आहे, पोर्तुगीज मांगे किंवा स्पॅनिश मांग्ले हा कॅरिबियन बेटांवरच्या भाषेतून आला असावा आणि पुढे इंग्रजांनी झाडांच्या राईवरून शेवट ग्रोव्ह करून टाकला असं मत जास्त चालतं, काही जण मलय भाषेकडे बोट दाखवतात. मँगोशी त्याचं नातं नाही एवढं नक्की. आयलंड मधला न उच्चारायचा एस तर चुकीच्या फोडीमुळेच आला, घरचा जुना शब्द होता, लोकांना तो लॅटिन इन्सुला वरून आला असं वाटलं आणि एस घुसला.

म्हणून फोड केली की तो अर्थ वाक्यात बसतो का ते बघायचं, नाही बसला तर कोश उघडायचा. वहीत एका पानावर एकच धातू लिहावा, खाली त्याची पिल्लं, शेजारी मराठी शब्द. इन्सुला च्या पानावर इन्सुलेट, आयसोलेशन, इन्सुलिन येतील, आणि पेनिन्सुला येईल, पेने म्हणजे जवळजवळ, म्हणजे जवळजवळ बेट. त्याच्या शेजारी द्वीपकल्प लिहायचं, संस्कृतात कल्प हा प्रत्यय थोडं कमी, जवळजवळ तसं, या अर्थी पाणिनीनेच सांगितलाय.