कोलन हायड्रोथेरपी: खुली पद्धत आणि बंद पद्धत

कोलन हायड्रोथेरपीची चौकशी करणाऱ्याच्या कानावर लगेचच ‘ओपन सिस्टीम’ आणि ‘क्लोज्ड सिस्टीम’ हे दोन शब्द पडतात, आणि दोन्हींचे वर्णन मात्र जवळजवळ सारखेच केले जाते: कोमट पाणी गुदद्वारावाटे मोठ्या आतड्यात सोडायचे आणि मळासह बाहेर काढायचे. नावांवरून एक पद्धत उघड्यावर आणि दुसरी आडोशाला होत असावी असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. येथे खुली किंवा बंद असते ती मळ बाहेर पडण्याची वाट.

बंद पद्धतीत थेरपिस्ट गुदद्वारात एक लहान, पोकळ, कडक नळी बसवतो. या वेळी माणूस सहसा डाव्या कुशीवर झोपलेला असतो आणि नळी बसल्यावर त्याला उताणे केले जाते. त्या नळीला दोन रबरी नळ्या जोडलेल्या असतात: बारीक नळीतून पाणी आत येते आणि जाड नळीतून पाणी व मळ थेट सांडपाण्याच्या वाहिनीत जातो. आत पाणी भरत असताना बाहेरची झडप बंद ठेवायची, पोट तटतटले की ती उघडायची, आणि हे आवर्तन पुन्हा पुन्हा करायचे, हे सगळे थेरपिस्टच्या हातात असते. मधूनमधून तो पोटावर मालिशही करतो. यंत्रावर काचेसारखा पारदर्शक नळीचा एक भाग असतो, त्यामागे दिवा असतो आणि त्यातून जाणारे मळाचे तुकडे व शेंबडासारखे पांढुरके धागे दिसतात. ‘साठलेली विषद्रव्ये’ म्हणून अनेकदा हेच धागे दाखवले जातात. ते आतड्याच्या आतील अस्तरातून नेहमीच स्रवणारे श्लेष्म असते आणि आतडे निरोगी असण्याला त्याची गरजच असते, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

खुल्या पद्धतीत माणूस मधोमध पन्हळीसारखे भांडे असलेल्या, साच्यात घडवलेल्या आसनावर टेकून झोपतो. नळी एकच आणि पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. ती अनेक ठिकाणी माणूस स्वतःच थोडीशी आत सरकवतो. वर ठेवलेल्या टाकीतून पाणी केवळ उंचीमुळे खाली उतरते, त्यामुळे दाब किती राहील हे टाकी किती उंचावर आहे यावरून ठरते. 1 मीटर उंचीचा दाब पाऱ्याच्या सुमारे 74 मिलिमीटरइतका भरतो. बाहेर पडण्यासाठी वेगळी नळी नसते. कळ आली की माणूस शौचाला बसल्याप्रमाणे हलका जोर देतो आणि पाणी व मळ नळीच्या बाजूने भांड्यात पडून वाहून जातो. अंगावर चादर असते आणि पुष्कळदा थेरपिस्ट खोलीबाहेर थांबतो.

दोन्हींत पाणी शरीराच्या तापमानाच्या आसपास असते, एका बैठकीला साधारण पाऊण तास लागतो आणि सगळी आवर्तने मिळून 60 लिटरपर्यंत पाणी वापरले जाऊ शकते, अर्थात ते एकाच वेळी पोटात नसते. खरा फरक आहे तो कळ आल्यावर काय होते यात. खुल्या पद्धतीत माणूस त्याच क्षणी मोकळा होतो. बंद पद्धतीत त्याला झडप उघडेपर्यंत थांबावे लागते, आणि म्हणून तेथे थेरपिस्टचे प्रशिक्षण व ‘आता पुरे’ हे शब्द तत्काळ ऐकण्याची त्याची तयारी फार महत्त्वाची ठरते. उलट, ज्याला स्वतः नळी सरकवणे जमत नाही किंवा एकटे राहण्याची भीती वाटते, त्याला जवळ माणूस असल्याचा आधार बंद पद्धतीत मिळतो. यापलीकडे एक पद्धत दुसरीपेक्षा ‘खोलवर’ स्वच्छता करते या दाव्यावर मी तरी विसंबणार नाही.

एनिमाशी या दोन्हींची गल्लत करू नये. एनिमात थोडेसे द्रव एकदाच आत सोडले जाते, काही मिनिटे धरून ठेवले जाते आणि मग शौचालयात जाऊन मोकळे व्हायचे असते. त्याचा परिणाम मुख्यतः गुदाशय व आतड्याच्या शेवटच्या भागापुरता राहतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांना डॉक्टर शिकवतात ते घरच्या घरी आतडे धुण्याचे तंत्र हाही एक स्वतंत्र वैद्यकीय उपचार आहे आणि त्याचे फायदे या बैठकींच्या खात्यावर मांडणे योग्य नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हीच रेषा कायद्यात आखली आहे: क्ष-किरण किंवा एंडोस्कोपी तपासणीपूर्वी आतडे रिकामे करणे यासारख्या वैद्यकीय कारणासाठी वापरली जाणारी यंत्रे दुसऱ्या वर्गात, तर ‘एकंदर स्वास्थ्या’साठी वापरली जाणारी यंत्रे सर्वांत कडक नियम असलेल्या तिसऱ्या वर्गात मोडतात.

हा ‘स्वास्थ्या’चा दावा जुना आहे. आतड्यात साठलेल्या मळाचे विष रक्तात भिनते ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार लोकप्रिय होती. 1919 मध्ये वॉल्टर अल्व्हारेझ या डॉक्टरांनी तिच्यावर सविस्तर टीका केली आणि त्यानंतर वैद्यकशास्त्राने ती मागे टाकली. जाहिरातींतून मात्र ती अजून गेलेली नाही.

धोके दोन्ही पद्धतींत आहेत. साधे पाणी आतड्यातून शोषले जाऊन रक्तातील सोडियम घसरू शकते, आणि क्वचित आतड्याला छिद्रही पडू शकते. संसर्गाच्या बाबतीत तर एक घटना कोणीही विसरू नये अशी आहे. 1978 ते 1980 या काळात अमेरिकेतील कोलोरॅडोच्या पश्चिम भागातील एका चिकित्सालयात आतडे धुवून घेतलेल्या किमान 36 जणांना अमीबाची लागण झाली. त्यांतील 10 जणांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढावे लागले आणि त्या दहांपैकी 6 जण दगावले. नेहमीप्रमाणे साफ केल्यानंतरही त्या यंत्रात मळातील जीवाणू मोठ्या प्रमाणावर सापडले होते. त्यामुळे पद्धत खुली असो वा बंद, नळी एकदाच वापरून टाकण्याची आहे का, तिचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का आणि मळ उलटा पाण्याच्या वाटेत शिरू नये याची सोय यंत्रात आहे का, हे झोपण्यापूर्वी विचारावे. आतड्याचा दाह, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, तीव्र मूळव्याध, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार अथवा गर्भारपण असल्यास दोन्ही पद्धती टाळाव्यात. आणि शौचावाटे रक्त जात असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, कारण अशा वेळी पाण्याने आतडे धुण्यात गेलेले आठवडे निदानाच्या वेळेतून वजा होतात.