लिनक्सवरील यूएसबी नेटवर्क अडॅप्टर

संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचून वायफाय किंवा इथरनेटची जोडणी मिळवून देणारे छोटे उपकरण म्हणजे यूएसबी नेटवर्क अडॅप्टर. लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर ते चालेल की नाही, हे खोक्यावरच्या नावावरून कळत नाही. ते आतल्या चिपवर अवलंबून असते.

जोडताक्षणी प्रत्येक यूएसबी उपकरण आपला उत्पादक क्रमांक आणि उत्पादन क्रमांक कळवते. दोन्ही १६ बिटांचे असतात आणि षोडशमान पद्धतीत (० ते ९ आणि ए ते एफ) चार-चार अंकांत लिहिले जातात. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की ते दिसतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ही जोडी ड्रायव्हरांच्या (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमांच्या) यादीशी ताडून पाहतो आणि जुळणारे मॉड्यूल (सुट्या भागाच्या रूपातला ड्रायव्हर) आपोआप चढवतो. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती, तर दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची ८१८८ईयूएस आली. मॉडेलचे नाव तेच राहिले, ड्रायव्हर मात्र पूर्ण बदलला. म्हणून विकत घेण्याआधी आवृत्ती आणि चिप दोन्ही तपासावीत.

इथरनेट अडॅप्टरांचा फारसा त्रास नसतो. रिअलटेक ८१५३ किंवा एसिक्सच्या चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत.

वायफायमध्ये खरी अडचण फर्मवेअरची. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम. बऱ्याच चिपा तो स्वतःजवळ साठवत नाहीत. उपकरण जोडले की दर वेळी ड्रायव्हरने तो पुरवावा लागतो. ड्रायव्हर मुक्त असला तरी ही फाइल बहुधा बंदिस्त असते. त्यामुळे डेबियन या लिनक्सच्या वितरणाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये तिला अनेक वर्षे जागा नव्हती, आणि इंटरनेटसाठी लागणारी फाइल इंटरनेटवरूनच आणायची असा पेच पडे. २०२२ मधील मतदानानंतर धोरण बदलले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ती इन्स्टॉलरसोबत मिळू लागली. हा निर्णय वापरणाऱ्यांच्या हिताचाच होता. फाइल हाताशी नसेल, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते वापरता येते.

काही अडॅप्टर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उघडतात, कारण त्यांत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. रिअलटेकच्या अशा उपकरणाचा क्रमांक ०बीडीए:१ए२बी दिसतो. ‘यूएसबी_मोडस्विच’ या साधनाने ती खोटी सीडी बाहेर काढली की खरे अडॅप्टर प्रकटते.

ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल, तर त्याचा स्रोत (मूळ कोड) बाहेरून आणून डीकेएमएस या साधनामार्फत बांधता येतो, म्हणजे त्यापासून चालणारे मॉड्यूल तयार करता येते. कर्नल बदलला की डीकेएमएस तो पुन्हा बांधते. पण कर्नलची अंतर्गत रचना सतत बदलत असते, आणि देखभाल थांबलेला स्रोत एखाद्या अद्यतनानंतर बांधलाच जात नाही. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड चालू देणारी सुरक्षा सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर डिजिटल सहीही करावी लागते. म्हणून शक्य तिथे कर्नलमधलाच ड्रायव्हर निवडावा. कर्नल ६.२ पासून ‘आरटीडब्ल्यू८८’ या ड्रायव्हरात रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू अशा यूएसबी चिपांचा आधार आला आहे.

अडॅप्टर तरीही गप्प असेल तर ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. फर्मवेअर चढवताना त्रुटी -२ आली, तर फाइल जागेवर नाही असे समजावे. -७१ किंवा -११० या त्रुटी बहुधा केबल, हब किंवा अपुऱ्या वीजपुरवठ्यामुळे येतात. तिथे ड्रायव्हरला हात लावण्याआधी पोर्ट बदलून पाहावा. नोंदी निर्दोष असूनही वायफाय नेटवर्क दिसत नसतील, तर वायफाय ‘आरएफकिल’ने (बिनतारी उपकरणे चालू-बंद करणाऱ्या सोयीने) बंद केलेले आहे का ते तपासावे.