अफोर्डेबल म्हणजे नक्की केवढ्याला? थोडी पार्श्वभूमी

नाशिकात पाथर्डी फाटा घ्या नाहीतर आडगाव, साईटच्या बोर्डावर अफोर्डेबल हा शब्द हमखास सापडतो. गंगापूर रोडकडे तर 'अफोर्डेबल लक्झरी' पण चालतं, आता ते काय असतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. चीप म्हटलं की माल हलका वाटतो, रिझनेबल कपड्याच्या दुकानात ठीक आहे, घराला मात्र अफोर्डेबलच लागतं.

सातपूर-अंबडच्या कामगारांना डोळ्यापुढे ठेवून सिडकोची घरं झाली तेव्हा बोली अल्प उत्पन्न गटाची होती, म्हणजे आधी कमाई बघायची मग घर. अमेरिकेतही तसंच, 1969 ला सरकारी घरांचं भाडं कमाईच्या 25 टक्क्यांवर बांधलं, 1981 ला 30 केलं, आणि तो तिशीचा हिशोब मग सगळीकडे गेला.

आपल्याकडे खरा घोळ झाला 1 एप्रिल 2019 पासून. जीएसटीत अफोर्डेबलची व्याख्याच बसवली, की एकूण किंमत 45 लाखांपर्यंत आणि कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, महानगरात 60 चौरस मीटर, बाकीकडे 90. नाशिक 'बाकी'त, म्हणजे साधारण 968 स्क्वेअर फूट, त्यामुळे इथे एरियाची अडचण फारशी येत नाही, घोडं अडतं ते किमतीवर. आणि त्या 45 मध्ये पार्किंग वगैरे बिल्डर जे जे लावेल ते सगळं धरायचं. बसलात तर टॅक्स 1 टक्का, नाही बसलात तर 5. 44 लाखांच्या फ्लॅटला 44 हजार आणि 46 च्या फ्लॅटला 2 लाख 30 हजार! मग कोटेशन बरोबर 45 च्या आत का येतं ते कळतं. वर बिल्डरला सिमेंट-स्टीलवर भरलेला टॅक्स वळता करून मिळत नाही, म्हणजे तो रेटमध्ये येणारच.

माझ्या मते चूक इथेच आहे, घेणाऱ्याच्या पगाराचा यात कुठे उल्लेखच नाही. 45 च्या घराला 20 टक्के स्वतःचे घातले तरी 36 लाख लोन, साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 31 हजारांच्या पुढे, तो तिशीचा हिशोब लावला तर पगार महिना लाखाच्या वर पाहिजे. अंबडच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या किती जणांना असतो तेवढा?

त्याच वर्षी इन्कम टॅक्समध्ये व्याजावर दीड लाखाची जादा सूट आली, तिथेही 45 च, पण ती स्टॅम्प ड्युटीसाठी सरकार जी किंमत धरतं तिच्यावर, आणि मार्च 2022 पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच. 2024 ला प्रधानमंत्री शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा आला त्यात व्याजाच्या सबसिडीसाठी घर 35 लाखांपर्यंत, लोन 25 पर्यंत आणि घरातली वर्षाची कमाई 9 लाखांपर्यंत. कमाई परत आली म्हणायची, पण 40 लाखांचा फ्लॅट जीएसटीला अफोर्डेबल आणि सबसिडीला नाही. बुकिंगच्या वेळी सेल्सवाला अफोर्डेबल म्हणाला तर यातलं कुठलं, ते आधी विचारून घ्या.