‘निम्मे सर्च आवाजाने’: एका आकड्याची पार्श्वभूमी

भारतात फोनवर ऐकायची जाहिरात आली ती अलेक्साच्या (ॲमेझॉनच्या बोलक्या सहायकाच्या) आधी, मिस्ड कॉलवर. २०१३च्या सुमारास साबण-शांपूच्या एका बड्या कंपनीने बिहार-झारखंडात एक फोन नंबर जाहीर केला. तिथल्या बऱ्याच गावांत वीज धड नव्हती, टीव्ही तर दूरच. मिस्ड कॉल दिला की उलट फोन यायचा आणि १५ मिनिटं गाणी, विनोद, मधेमधे जाहिराती. बोलायचं काहीच नव्हतं, नुसतं ऐकायचं. तरी ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत साध्या फोनवरून पोचता येतं, हे तिथे सिद्ध झालं.

अमेरिकेत ऑक्टोबर २०११मध्ये आयफोनवर बोलून हुकूम ऐकणारी सिरी आणि नोव्हेंबर २०१४मध्ये अलेक्सा असलेला इको स्पीकर आला. पण मार्केटिंगवाल्यांची झोप उडवली ती एका वाक्याने: ‘२०२० पर्यंत निम्मे सर्च आवाजाने होतील.’ काही वर्षं हे वाक्य नसलेलं प्रेझेंटेशन सापडणं कठीण होतं.

मूळ वाक्य वेगळं होतं. सप्टेंबर २०१४मध्ये चीनमधल्या एका सर्च कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञाने मुलाखतीत अंदाज सांगितला होता की, पाच वर्षांत किमान निम्मे शोध बोलून किंवा चित्रावरून होतील. पुढे ‘किंवा चित्रावरून’ गळालं. बोलणारा कोणत्या देशातल्या कोणत्या वापराबद्दल बोलत होता, तेही गळालं. मग हाच आकडा इंटरनेटचा वापर मोजणाऱ्या एका अमेरिकन संस्थेच्या नावावर खपू लागला आणि नुसता अंदाज मोजलेला आकडा म्हणून मिरवू लागला. मे २०१६मध्ये गूगलने स्वतः दिलेला आकडा होता २० टक्के, आणि तोही फक्त अमेरिकेतल्या मोबाइल ॲप आणि अँड्रॉइड फोनांपुरता.

आकड्यापेक्षा शब्दाचा घोळ मोठा. ‘व्हॉइस सर्च’ म्हणजे नेमकं काय? ‘आईला फोन लाव’ किंवा ‘साडेपाचचा गजर लाव’ हा हुकूम, त्यात शोध कसला? माइकचं बटण दाबून सर्चच्या चौकटीत शब्द बोलणं म्हणजे बोटांऐवजी जिभेने टाइप करणं. समोर यादी तीच येते आणि जाहिरातीही त्याच, त्यामुळे दुकानदाराचं फारसं काही बदलत नाही. पडदा नसलेल्या स्पीकरला विचारलं तर मात्र तो एकच उत्तर वाचून दाखवतो. दुसरा नंबर नाही, दुसरं पान नाही. खरी धास्ती या तिसऱ्या प्रकाराची होती, आणि ती पसरवायला तिन्हींची बेरीज वापरली गेली. त्या एका उत्तराच्या जागेसाठी मग वेबसाइटवर प्रश्नोत्तरांच्या पानांचा पूर आला. त्यातली बरीच पानं माणसासाठी लिहिलेली नव्हतीच.

उतावळेपणाचा कळस एप्रिल २०१७चा. एका बर्गर कंपनीच्या १५ सेकंदांच्या जाहिरातीत नट मुद्दाम घरातल्या स्पीकरला हाक मारतो आणि आपला बर्गर काय आहे ते विचारतो. प्रेक्षकांचे स्पीकर जागे होऊन विकिपीडियावरचा मजकूर वाचू लागले. लोकांनी तो मजकूर बदलून बर्गरमध्ये सायनाइड घातलं! स्पीकर कंपनीने काही तासांत त्या हाकेला उत्तर देणं बंद केलं. आमंत्रण नसताना घरात शिरलेल्या या जाहिरातीला फ्रान्समधल्या कान शहरातल्या जाहिरात महोत्सवात ग्रां प्री हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, हे या धंद्याबद्दल बरंच सांगून जातं.

आपल्याकडची वाट निराळी. सप्टेंबर २०१६नंतर डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१७मध्ये गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग आलं, डिसेंबरमध्ये बटणांच्या ४जी फोनवर गूगल असिस्टंट (बोललेलं ऐकून उत्तर देणारा सहायक) आला आणि ऑगस्ट २०१८पासून तो मराठीही बोलू लागला. इथे प्रश्न हौसेचा नव्हता, जोडाक्षरांचा होता. नाक्यावरचा रिक्षावाला फोन आडवा, वडापाव धरावा तसा तोंडाशी धरून बोलतो. टाइप करताना त्याने ‘puncture near me’ असं इंग्रजी अक्षरांत कसंबसं लिहिलं असतं; बोलताना तो विचारतो, ‘आत्ता चालू असलेला जवळचा पंक्चरवाला कुठंय?’ आणि दुकान नकाशावर ‘न्यू साईकृपा टायर वर्क्स’ या नावाने बसलेलं, वेळ भरलेली नाही, फोन नंबर जुना. ‘आत्ता चालू’ला उत्तर द्यायला त्या दुकानाकडे काही नसतं. नकाशावरची ही माहिती भरणं म्हणजे जाहिरात एजन्सीला महिन्याचे पैसे मोजण्याआधी अर्ध्या तासात होणारं काम, पण त्यात बिल लावण्यासारखं काही नाही.

मोठ्या ब्रँडनी मात्र स्पीकरसाठी स्वतःची बोलकी ॲप बनवून घेतली: पाककृती, राशिभविष्य, प्रश्नमंजूषा. गूगल असिस्टंटवरची अशी बाहेरच्यांची संवादी ॲप जून २०२३मध्ये कंपनीनेच बंद केली. ऑक्टोबर २०२४मध्ये जेमिनी लाइव्ह, म्हणजे गूगलच्या एआयशी बोलून गप्पा मारायची सोय, मराठीत येत असल्याचं जाहीर झालं, तोवर प्रेझेंटेशनमध्ये नवी स्लाइड आली होती, नव्या टक्केवारीसह.